वाळवणीचा लाल दिवा

मामा स्वतःच्या घराचीसुद्धा बेल दाबत नसत, कडी वाजवत. टॉर्चमध्ये सेल घालायचे तर आधी पायांत रबरी बूट. आभाळात वीज चमकली की घरचा मेन स्विच बंद करून बायकामुलांना लाकडी पलंगावर बसवायचे आणि खिडकीतून वर बघत पुटपुटायचे, "अर्थिंगचा पत्ता नाही कुठे!" आणि हा गृहस्थ पोटापाण्यासाठी काय करत होता म्हणाल? इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर होता.

या भीतीपायी त्यांनी काय काय करून ठेवलं होतं, ते त्यांच्या ऑफिसातले लोक मीठमसाला लावून सांगत. एकदा म्हणे एका दवाखान्यात स्विचबोर्डाखाली झुरळ उताणं पडलेलं दिसलं. "शॉक बसून मेलंय!" असं ओरडून मामांनी अख्ख्या इमारतीची वीज तोडायला लावली. वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर एका बाईचा दात अर्धा उपटून अंधारात उभा राहिला. झुरळ मेलं होतं सकाळच्या फवारणीने. भाच्याच्या लग्नात तर फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला आणि मामा "शॉर्ट! शॉर्ट!" म्हणत व्याह्यांना घेऊन मांडवाबाहेर पळाले. त्या दिवसापासून मामांची थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, त्यांच्याशी तोलून मापून बोलायची. मामा जगात दोनच गोष्टींना भ्यायचे, एक वीज आणि दुसरी ताई. त्यातल्या विजेला निदान मेन स्विच तरी होता.

सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं खरं, पण ज्याचे ते खरेखुरे मामा होते तो ताईचा मुलगा इलेक्ट्रिकल कंत्राटदार होता. कंत्राटदार म्हणजे अजून धड नव्हता. दुसऱ्याच्या लायसन्सवर कामं करून करून हात पक्का झाला होता, आता स्वतःच्या लायसन्ससाठी अर्ज केला होता. नियम असा, की अर्जदाराने केलेलं एक मोठं काम इन्स्पेक्टरने जागेवर जाऊन तपासायचं आणि पास करायचं. भाच्याने एका नव्या लाँड्रीचं काम दाखवलं. मामा नात्यातले, म्हणून तपासायला निघाल्या ऑफिसातल्या दुसऱ्या इन्स्पेक्टर, मॅडम, आणि त्या दिवशी जीप एकच असल्यामुळे पुढच्या कामावर जाणाऱ्या मामांनाही बरोबर घेणं भाग पडलं.

मॅडम वयाने मामांहून बऱ्याच लहान, पण धाडसी. चालू पॅनलसमोर त्या अशा उभ्या राहायच्या, जशी माणसं चहाच्या टपरीसमोर उभी राहतात.

"मामा, आधीच सांगते," जीप सुरू होताच त्या म्हणाल्या. "काम तुमच्या भाच्याचं आहे. तुम्ही पॅनलच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आणि कामाबद्दल तुमच्या तोंडून एक शब्द जरी निघाला, तरी माझी तपासणी तिथल्या तिथे रद्द. नातेवाईकाने ढवळाढवळ केली असं लिहीन. मग अर्ज पुन्हा पहिल्यापासून."

"मी कशाला बोलतोय? मला काय हौस आहे?"

"हौस नाही हो, खोड आहे. गेल्या महिन्यात पिठाच्या गिरणीत मला मागून धरून ओढलंत, तर काय होतं? उंदराची शेपटी!"

"तारेसारखी दिसत होती."

"तुम्हाला शेवयाही तारांसारख्या दिसतात." मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. "खरं सांगू का, लायसन्स देताना मला यंत्रांची भीती वाटत नाही. यंत्र चांगलं असतं. ते जोडणाऱ्या माणसाने शेवटच्या दिवशी घाईत काय केलं, त्याची वाटते."

"भाचा घाई करणारा नाही हो माझा."

"हा बघा, निघाला शब्द! जीपमधला म्हणून सोडते."

मामांनी ओठ असे मिटले, की मिशी नाकात गेली. आदल्या दिवशी ताईने बजावलं होतं, "अरे, पोराने उसनवारीच्या लायसन्सवर किती दिवस राबायचं? उद्या तुझ्या भित्रेपणापायी त्याचं काम अडलं, तर या घराचा उंबरा तुला बंद." ताई बोलली की तसंच करायची.

लाँड्री नवीकोरी होती. लांबलचक हॉल, भिंतीला लागून एका बाजूला धुलाईची मोठी यंत्रं, दुसऱ्या बाजूला कपडे वाळवायची, म्हणजे वाळवणीची यंत्रं. अजून एकही कपडा आत गेला नव्हता. दोन्ही बाजूंना वीज पोचल्याची खूण म्हणून एकेक लाल दिवा तेवढा लागलेला. हॉलच्या टोकाला पॅनलची खोली, आणि तिथे नव्या रंगाने चकचकणारं पॅनल. त्याच्या पुढच्या दारांवर आणि मागच्या झाकणांवर नावांच्या पट्ट्या होत्या, धुलाई आणि वाळवणी. भाचा शर्टाच्या बाह्या चारदा सारख्या करून उभा होता.

"या मॅडम, या. मामा, तुम्ही इथे बसा." त्याने हॉलमध्येच एक स्टूल ठेवलं. मामांनी आधी ते लाकडाचं आहे याची खात्री करून घेतली आणि मग बसले.

मॅडमना मोठ्याने बोलत काम करायची सवय. आतून एकेक शब्द ऐकू येत होता.

"वाळवणीचा ब्रेकर बंद केला. कुलूप माझं. चावी माझ्या खिशात." खटका पडल्याचा आवाज आला. "आता दारातून मीटर लावते. ओरडत नाही, म्हणजे तिन्ही तारा मेलेल्या. छान. काम नीट केलंयस रे."

मामांच्या छातीवरचा धोंडा उतरला. भाच्याचं कौतुक, तेही मॅडमच्या तोंडून! ताईला आज फोनवर कशी सुरुवात करायची याची ते मनात जुळवाजुळव करू लागले, आणि सहज समोर बघितलं.

धुलाईचा दिवा विझला होता. वाळवणीचा जळत होता.

मामांनी डोळे चोळले. पुन्हा बघितलं. लालभडक.

"चल, आता पॅनलच्या मागे," आतून आवाज आला. "वाळवणीचं मागचं झाकण काढ. केबलचे जोड पान्याने आवळून बघते."

स्क्रू फिरू लागल्याचा बारीक आवाज यायला लागला. बंद केली वाळवणी, आणि मेली धुलाई? म्हणजे पुढच्या दारावरचं नाव एक आणि आतला ब्रेकर भलताच? पुढे मीटर लावलं ते धुलाईच्या तारांना. आणि मागे जे झाकण उघडतंय, तिथे जिवंत वीज टपून बसलीय. मॅडम त्या उघड्या तांब्यावर लोखंडी पाना टेकवणार. एकदा मेलंय म्हणून बघून झाल्यावर दुसऱ्यांदा कोण बघतो?

पण नसेल तसं तर? वाळवणीच्या दिव्याला वेगळी तार असेल तर? असतात अशी यंत्रं. धुलाईचा दिवा मघाशी लागलेला तरी नक्की पाहिला होता का? उंदराची शेपटी. झुरळ. फ्लॅश. आजवर मामा जितक्या वेळा ओरडले तितक्या वेळा खोटे ठरले होते. तिकडे पोराचं लायसन्स, ताईचा उंबरा. इकडे एक धडधाकट बाई, जिची दोन मुलं शाळेतून यायची असतील. मामांच्या कानात रक्त असं धडधडू लागलं, की स्क्रूचा आवाज ऐकू येईना, आणि तो ऐकू येईना म्हणून आणखी भीती वाटली. निघालं झाकण? की राहिलाय एखादा?

ते उठले. "थांबा" म्हणायला तोंड उघडलं. आवाज नाही! पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा बाहेर आली. पाय जमिनीत रोवलेले. आतून झाकण जमिनीवर ठेवल्याचा ठण्ण आवाज झाला.

"दे पाना," मॅडम म्हणाल्या.

मामांच्या शेजारी कपडे न्यायची लोखंडी गाडी उभी होती, चाकांची, हत्तीच्या पिलाएवढी. मामांनी तिला असा धक्का दिला, की ती हॉलभर धडधडत गेली आणि पॅनलच्या खोलीच्या दारावर जाऊन आदळली. भूकंप झाल्यासारखा आवाज झाला. लाँड्रीचा मालक बाहेर चहा पीत होता, तो म्हणे कपासकट रस्त्यापलीकडे पोचला.

"काय चाललंय?" मॅडम ओरडल्या.

गाडीमागून धडपडत मामा दारात आले. मॅडम पॅनलच्या मागे वाकलेल्या, हातात पाना, आणि पाना तांब्यापासून वीतभर लांब. ते बघितल्यावर मामांना आवाज फुटला.

"वाळवणी चालू आहे! हात मागे घ्या! दिवा जळतोय तिचा!"

"मामा!" भाचा रडवेला झाला. "काय केलंत हो हे!"

मॅडमनी पाना खाली घेतला. चेहरा रागाने लाल झाला होता. "निघाला ना शब्द? मी काय सांगितलं होतं? मीटर लावून बघितलंय मी. तिन्ही तारा मेलेल्या आहेत."

"पुढून बघितलंत. मागून बघा."

"बघते. तुमच्या समोरच बघते, म्हणजे एकदाची तुमची ही शेपटी—"

त्यांनी मीटरची टोकं मागच्या तांब्याला लावली. मीटर किंचाळलं.

मीटर किंचाळत राहिलं. मॅडमना टोकं काढून घ्यायचं सुचेना. शेवटी मामांनीच हळूच त्यांचं मनगट धरलं आणि मागे घेतलं.

भाचा पुढच्या बाजूला गेला, वाकून दारांच्या बिजागऱ्या बघू लागला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "काल दारांवर ओरखडे दिसले. तपासणी आहे, चांगलं दिसावं म्हणून रंगाऱ्याला बोलावलं. त्याने दारं काढून बाहेर रंगवली. दोन्ही दारं एका मापाची. बसवताना अदलाबदल झाली." त्याने वाळवणीच्या पट्टीवर बोट ठेवलं. "मी बघितलं नाही. रंग बघितला फक्त."

मॅडम तिथेच उपड्या घातलेल्या टोपलीवर बसल्या. "मी आता काय लिहायचं ते तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

"लिहा मॅडम. मी भांडणार नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आईचा होता. मामांनी दाराची चौकट घट्ट धरली. भाच्याने फोन उचलला. "नाही मिळालं, आई... नाही, मामामुळे नाही. आई, ऐक तरी. माझ्या हातून आज एक माणूस गेलं असतं." तिकडून काय आलं कोण जाणे. ऐकता ऐकता भिंतीकडे तोंड करून त्याने डोळे पुसले.

मॅडमनी पेन काढलं, पण टोपण निघेना. बोटं लटपटत होती. एका हाताने दुसरा धरला, तर दोन्ही लटपटायला लागले. त्या आपल्या हातांकडे असं बघत होत्या, जणू कुणा परक्याचे हात मांडीवर आणून ठेवलेत.

"मामा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला असं रोज होतं?"

"रोज."

"कामावर निघण्याआधीच?"

"अंथरुणातून उठल्यापासून."

"मग करता काय तुम्ही?"

मामांनी इकडे तिकडे बघितलं, जरा जवळ वाकले. "काही नाही हो. घरून निघताना दोनदा जाऊन येतो."

मॅडम हसल्या नाहीत. पेन टोपलीवर ठेवून उठल्या आणि भाच्याला म्हणाल्या, "इथे संडास कुठे आहे रे?"