तिसरा अल्टरनेटर

पंपांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस राहिलेल्या माणसाला लोक काय म्हणणार? नापासराव. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी नाव सुटलं नव्हतं आणि खोडही. "मी दिलेला चहासुद्धा हे आधी उजेडात धरून बघतात," असं त्यांची बायको येईल त्याला सांगायची.

पण आता प्रसंग चेष्टेचा राहिला नव्हता. बायकोच्या फुप्फुसांनी दगा दिला होता. या खोलीतून त्या खोलीत जायलाही तिला ऑक्सिजनचं यंत्र लागे. तिची एकच इच्छा होती, थोरल्या बहिणीला एकदा डोळे भरून बघायची. अक्का पंच्याऐंशीची, अंथरुणाला खिळलेली, म्हणजे जायला हिलाच हवं. प्रवास सहा तासांचा. यंत्र गाडीच्या विजेवर चालायचं, पण बावीस वर्षांच्या त्या गाडीचा अल्टरनेटर नेमका तेव्हाच गेला. तो वीज करणार तेव्हा बॅटरी टिकणार. वाटेत बंद पडला, तर गाडीपाठोपाठ यंत्रही बंद.

"दमदार बघून देतो," इलेक्ट्रिशियन म्हणाला. गाडी नवी होती तेव्हापासून तिची वायरिंग तोच बघत आला होता.

पहिला नवाकोरा, खोक्यातला. नापासरावांनी हेडलाइट, पंखा, यंत्र, सगळं चालू केलं, इंजिन जागेवरच चालू ठेवलं आणि बॅटरीला मीटर लावला. साडेतेरा व्होल्टच्या खाली येता कामा नये, तर आकडा बारावर घसरला. नापास. दुसरा भंगारात गेलेल्या तशाच गाडीचा. त्याचं बेअरिंग कण्हत होतं. तोही नापास. इथवर त्यांचं काही चुकलं नाही, इलेक्ट्रिशियननेही मान डोलावली.

तिसरा म्हणजे गाडीचा स्वतःचाच. इलेक्ट्रिशियनने तो खोलून नवी बेअरिंग, नवे कार्बन, नवा रेग्युलेटर घातला. मीटरचा आकडा चौदावर गेला आणि दोन तास तिथून ढळला नाही. नापासरावांनी चष्मा पुसला, खाली वाकले, आणि अल्टरनेटरच्या कडेला त्यांना एक चरा दिसला.

"हे काय?"

"खोलताना पाना घसरला, काका. त्याने काय होतंय?"

"आत काही हललं असलं तर?"

"दोन तास तुमच्या डोळ्यांदेखत चाललाय. माझ्या आईला घेऊन मी आत्ता निघेन यावर."

"दुसरा बघ."

पालथ्या घड्यावर पाणी. आता खरं सांगायचं, तर त्या चऱ्यात काही दम नव्हता, आणि बत्तीस वर्षं मुरलेल्या नजरेला ते कळत होतं. भीती निराळीच होती. गाडी पास केली की निघावं लागणार, बहिणी भेटणार, आणि मग हिला थांबायला कारणच उरणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. वाट बघणारं माणूस जात नाही, एवढंच ते धरून बसले होते. शहाण्या माणसाने असा वेडेपणा करावा, याचा रागही येतो आणि कीवही येते.

चौथा लांबून मागवला. यायला सोळा दिवस लागले. पहिल्या आठवड्यात बायको रोज विचारायची, "झालं का हो?" नंतर विचारेनाशी झाली.

सोळाव्या दिवशी दुपारी चौथा बसला. खोट काढायला जागाच नव्हती. तिला दाखवायला म्हणून नापासरावांनी गाडी थेट तिच्या खिडकीखाली आणली आणि चालूच ठेवून आत गेले. दारात तिला तपासून निघालेल्या डॉक्टरीणबाई भेटल्या. "सकाळपासून फार दम लागलाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता त्यांना कुठेही हलवायचं नाही. गाडीचं तर नावच काढू नका. त्यांनाही सांगितलंय मी."

बायको उशांना टेकून फोनवर बोलत होती. दोन शब्द बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची.

"नाही गं अक्का... गाडी अजून नाही झाली... चांगला अल्टरनेटरच मिळत नाही... छे, त्यांना नको बोलूस. माझ्यासाठीच... एवढे पारखून घेतायत."

तेवढ्यात तिला दाराशी उभे असलेले नापासराव दिसले. तिने फोनवर हात ठेवला.

"अहो, गाडी बंद करून या," ती म्हणाली. "अक्काला आवाज जाईल."