ओल्या हाताचं तळं

मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. तुमच्या आजोबाच्या आजोबाले मी कालचं पोट्टं म्हणतो. नागपुरातल्या एका म्युझियममध्ये माझं बिऱ्हाड आहे. कोणत्या, ते सांगत नाही. पुढं एका चौकीदाराची फजिती येणार आहे, आन तो माणूस मनानं वाईट नाही.

मित्रांनो, मी जन्मापासून दगड नव्हतो. मी एका तळ्याचा गाळ होतो. आज जिथं तुमचं नागपूर तापून राहिलं, तिथं तवा थंडगार पाणी होतं. काठाले गवत, पाण्यात बेंडकं, आन माझ्या अंगावर गोगलगाई रांगायच्या. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. त्याईच्या चालण्यानं मले गुदगुल्या व्हायच्या.

मंग कुठंतरी दूर जमीन फाटली. तिच्यातून लाल रस निघाला, कढईतून गुळाचा पाक उतू जावा तसा. तो घाईनं नाही आला, सावकाश आला. ज्याले पळता येत होतं ते पळालं. गोगलगाय किती पळणार? पाणी उकळलं, वर काळा खडक बसला, आन झाला अंधार. त्या अंधाराबद्दल मी जास्त बोलत नाही. तुमची झोप उडून जाईल.

काटोलकडं एका संत्र्याच्या बगीच्यात विहीर खोदून राहिले होते. सब्बल लागली, तवा मले पुन्हा ऊन दिसलं. एका मास्तरनं मले उचललं, आपल्या बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतलं आन "अरे बापरे!" म्हणून तिथंच मातीत बसला. त्यानंच मले म्युझियमले आणून दिलं.

कारण माझी गोष्ट अशी आहे. वाळलेला असलो का मी कोणाच्याबी अंगणातला राखाडी धोंडा. ओला झालो का अंगावर गोगलगाई उमटतात. पांढऱ्या, वळणावळणाच्या, एकीले खेटून एक.

हे पोट्ट्याईले दाखवायचं काम चंद्रकलाबाईचं. त्या उमरेडकडच्या कोष्ट्याच्या लेक. घरचे माग बंद पडले म्हणून म्युझियममध्ये झाडूपोछ्याले लागल्या होत्या. पण शाळेची सहल आली का झाडू कोपऱ्यात आन बाई पाण्याचा गिलास घेऊन माझ्यापाशी.

"पोट्टेहो, हात बुडवा. आता याच्यावर ठेवा. दाबू नका, लेकराची पाठ थोपटता तसं. दिसलं का? हे तळं हाय. आता आपल्या गावच्या पाण्याचं नाव घ्या."

"अंबाझरी!"

"फुटाळा!"

कामठीचं एक पोट्टं विचारे, "मावशी, आमची तं कन्हान नदी आहे. चालते का?"

"काहून नाही चालणार गा? नदीले काय काटे आहेत?"

जरीपटक्याची एक पोरगी म्हणाली, "आमच्याकडं टँकर येते." समदे फिदीफिदी हसले. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, "टँकरचं पाणीबी कोणत्या तरी तळ्याचंच असते वं. ठेव हात. म्हण, टँकर."

आता तुमाले एक गोष्ट सांगतो, जी त्या पोट्ट्याईले कोणी नाही सांगितली. अंग ओलं झालं का माझ्या गोगलगाई जाग्या होतात. खरंच चालायले लागतात. मले गुदगुल्या होतात, बेंडकं ओरडतात, तळं भरते. मंग पाणी वाळते आन त्या पुन्हा मरतात. रोज उठणं, रोज मरणं.

आन जे नाव तुम्ही घेता ना, ते माझ्यात उतरते. तळं जिवंत आहे तवर ते नाव गुपचूप पडून राहते. पण तिकडं तळ्यात मलबा पडला, त्याच्यावर प्लॉट निघाले, का इकडं माझ्या पोटात ते नाव वाजायले लागते. पोट्ट्याच्याच आवाजात. ते पोट्टं आता मोठं झालं असेल, त्याले मिशा आल्या असतील. पण माझ्या आत ते लहानच आहे आन आपल्या तळ्याले हाका मारून राहिलं आहे.

एकदा एका पोरीनं विचारलं, "मावशी, तुमचं तळं कोणतं?"

बाई म्हणाल्या, "चला चला, पुढं वाघ हाय."

म्युझियम बंद असायचं त्या सोमवारी बाई मले एकट्याच पुसत होत्या. तवा हळूच बोलल्या, "तुले नाव सांगितलं तं तळं मेलं, हे मीच कबूल केल्यासारखं होईल. आमच्या तळ्यावर खाणीची माती टाकली. टेकडी झाली टेकडी. पण उन्हाळ्यात कान लावला का आत पाणी वाजते. वाजते तवर मी नाव नाही घेणार."

बाई रिटायर झाल्या. जाताना माझ्यावर हात ठेवून गेल्या. कोरडा हात.

त्याच्या मागंच म्युझियमची रंगरंगोटी निघाली. टेबल बाहेर, आमच्या नावाच्या चिठ्ठ्या वाऱ्यावर, धोंडे एका ढिगात. मले कोण ओळखणार? उन्हाळा लागला होता. चौकीदार ईश्वरदासचा कूलर एका पायानं लंगडा होता, चालू केला का भूत लागल्यासारखा थडथड नाचे. त्यानं ढिगातून मले निवडलं आन त्या पायाखाली टेकू म्हणून कोंबलं.

"वा! याच्याच मापाचा घडला होता बेटा," म्हणे.

मित्रांनो, ते दिवस लय वाईट गेले. कूलरचं पाणी माझ्या अर्ध्या अंगावर टपटप पडे. अर्धं अंग रात्रंदिवस ओलं, अर्धं ठणठण कोरडं. ओल्या बाजूच्या गोगलगाई जाग्या. त्या चालत-चालत ओलीच्या काठापर्यंत येत आन कोरड्या बाजूच्याईले बोलवत. तिकडून जबाब नाही. बाहेर लू चाले, गरम वास आत येई, आन मले तो लाल रस आठवे. वाटे, पुन्हा येऊन राहिला.

उन्हाळा सरत आला. मलब्याची एक ट्रॉली गेली होती, दुसरी दारात उभी होती. ईश्वरदास कोणाले तरी सांगे, "उद्या कूलर निघाला का हाबी धोंडा ट्रॉलीत."

त्याच दुपारी चंद्रकलाबाई आल्या. तिकीट काढून आल्या. संगं नात होती, मयुरी.

"ईश्वरदास, माझा दगड कुठं आहे गा?"

"कोणता, बाई? इथं समदे दगडच आहेत. मीबी त्यातलाच."

"मस्करी नको करू. गोगलगाईचा."

ईश्वरदासचं तोंड उतरलं. त्यानं दाराकडं बोट दाखवलं. "धोंडे समदे मलब्यात गेले, बाई."

बाई भर उन्हात ट्रॉलीवर चढल्या. मयुरी एकेक धोंडा पुढं करे, बाई बाटलीतलं पाणी शिंपडत. काहीच नाही उमटलं. बाटली रिकामी झाली. बाई आत आल्या आन कूलरसमोर धपकन बसल्या. माझ्यापासून हातभर दूर. मी हाक मारू शकत नव्हतो. दगडाचं सगळ्यात मोठं दुःख हेच आहे.

"माझ्यामागं त्या तळ्याचं नाव कोणाले माहीत नाही," बाई बोलल्या. "मीच शेवटची. कुठं ठेवू आता?"

मयुरीनं रिकामी बाटली कूलरच्या टपटपीखाली धरली. वाकून पाहता-पाहता थबकली.

"आजी, ह्या धोंड्यावर कोणतरी चालून राहिलं."

बाई गुडघ्यावर आल्या. ईश्वरदासनं डोक्यावरची टोपी काढली. "अरे देवा! पूरा उन्हाळा मी याच्यावर कूलर..."

"तुले काय माहीत गा. वाळला का कोणालेच दिसत नाही."

कूलर बाजूले सरकवला. बाईनं ओंजळभर पाणी घेतलं आन माझ्या कोरड्या अंगावर सोडलं. इतक्या दिवसांची मुकी बाजू हलली. बाईनं ओला हात ठेवला.

"मागल्या महिन्यात गेली होती," मंग म्हणाल्या. "टेकडीले कान लावला. वाजत नाही आता."

आन त्याईनं नाव घेतलं. "शिंगाडी तलाव."

मी टेबलावर परत आलो. आता पोट्ट्याईपुढं पाण्याचा गिलास ईश्वरदास धरते. कोण्याच पोट्ट्याले वगळत नाही. आन अंग ओलं झालं का मले शिंगाड्याच्या पानाचा वास येते. पोटात एक बाई हाक मारते. तिचा आवाज मात्र म्हातारा नाही, आठ-नऊ वर्षांच्या पोरीचा आहे.

मित्रांनो, मले पाहाले जरूर या. ओला हात ठेवा, नाव घ्या. पण घरी गेले का आपल्या तळ्यावर जा, त्याच्यातबी हात बुडवा, आन त्यात कोणी माती टाकत असेल तं बोंब मारा. माझ्या भरवशावर राहू नका. माझ्यात जागा लय आहे, पोट्टेहो. मले त्याचंच भ्याव वाटते.