गोळी मोडते तेव्हा

मित्रांनो, औषधांच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले मी एक जुने यंत्र आहे. माझे नाव इंग्रजी आहे आणि ते कपाळावरच कोरलेले आहे: ‘डिसइंटिग्रेशन टेस्टर’. मोडून पडण्याची परीक्षा घेणारे! असले नाव लेकराला कोणी ठेवील का? मी मनातल्या मनात खट्टू असे.

काम तसे सोपे. पोटाइतक्या कोमट पाण्यात माझी काचनळ्यांची टोपली खालीवर होत राही. नळ्यांतल्या गोळ्या वेळेत मोडतात की नाही, एवढेच पाहायचे.

एकदा तपासायला नवीन ताई आली. आधी ती कपबश्यांच्या कारखान्यात होती. तिथे न फुटेल तो माल पास. इथे पहिल्याच दिवशी हृदयविकाराच्या गोळ्या वेळ संपली तरी जशाच्या तशा राहिल्या आणि ताईचा चेहरा खुलला. “एकीलाही तडा नाही,” म्हणत तिने हिरवी चिठ्ठी दिली. माल गाडीत चढला. मला वाचा असती तर मी ओरडले असते.

तेवढ्यात तपासणी खात्याच्या प्रमुख, आमच्या ‘मोठ्या बाई’, आल्या. नळ्यांतल्या अख्ख्या गोळ्या पाहून त्यांनी ताईला जवळ बोलावले.

“अगं, कप फुटला की वाया जातो. साखर विरघळली की दिसेनाशी होते. डिसइंटिग्रेट होणं वेगळं. दाबून एकत्र बसवलेलं पुन्हा कणकण सुटं होणं. गोळी पोटात सुटी झालीच नाही, तर गेली तशी बाहेर येईल. मग औषध लागू कसं पडणार?”

“माझ्या सासूबाई हीच गोळी घेतात,” ताई कशीबशी म्हणाली आणि धावत सुटली. गाडी फाटकातून निघतच होती. ताई सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि माल परत आला.

पुढे सुधारलेल्या गोळ्या आल्या. ताई नजर न हलवता पाहत होती. गोळीच्या कडा आधी मऊ झाल्या, मग ती शांतपणे उलगडली आणि पाण्यात शुभ्र कण पसरले.

“किती शहाणी आहे हो ही,” ताई हळूच म्हणाली.

हे मी हजारदा पाहिले होते. तरी त्या दिवशी मी थक्क झाले. एवढीशी गोळी स्वतःला सोडून देते, तेव्हाच कोणाचे तरी हृदय नीट चालते.

आता नवे यंत्र आले आहे आणि मी कोपऱ्यात धूळ खाते. ताईच आता इथली ‘मोठ्या बाई’ झाली आहे. काल मेकॅनिक तिला म्हणाला, “हे मोडीत काढू. मोटर, टोपली दुसऱ्या यंत्रांना लागतील.”

तिने रुमालाने माझे कपाळ पुसले. “सावकाश सोडवा. काही तुटायला नको.”

मित्रांनो, जुन्या वस्तू अशाच हळू हाताने सोडवा, आपटून फोडू नका. उद्या माझी पाळी आहे. कपाळावरचे ते नाव मला आज पहिल्यांदाच आवडले.