दोराच्या टोकाचा माणूस

रस्सीखेच या खेळाचा मला राग आहे. क्रिकेट परवडलं, त्यात निदान माणसं धावतात तरी. रस्सीखेचीत दोराच्या अगदी टोकाला जो गडी असतो त्याला धावायचं नसतं, उडी मारायची नसते. दोर पाठीवरून फिरवून खांद्यावर घ्यायचा, टाचा जमिनीत रोवायच्या आणि हलायचं नाही. सलमाबादच्या कंपनीच्या वर्कशॉपमधल्या आमच्या संघात त्याला ‘खुंटा’ म्हणतात. सलग चार वर्षं माझा नवरा महादेव खुंटा होता, आणि न हलण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या बहारीनमध्ये कोणी नव्हता.

कारण बारा महिने त्याला सवय तीच. तो क्रेन चालवतो. सकाळी झिंजच्या आमच्या फ्लॅटखालून कंपनीची गाडी त्याला उचलते, मआमीरच्या साइटवर सोडते, तिथे तो केबिनमध्ये चढतो आणि दिवस मावळेपर्यंत बसून राहतो. वजन उचलायचं काम क्रेनचं, हा नुसत्या दांड्या पुढेमागे करतो. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा गाडीखालून निघत नाही, म्हणून हा खाली उतरत नाही. करक म्हणतात तो इथला दाट चहा आणि समोसे हेल्पर वर आणून देतो. संध्याकाळी पुन्हा गाडी, लिफ्ट आणि सोफा.

आम्ही कुडाळला एकाच शाळेत होतो, म्हणून घरात आमचं अरे-तुरे चालतं. शाळेत महादेव खो-खोत होता. आम्ही मुली त्याला काडी म्हणायचो. खांबाला हात लावून असा वळायचा की पकडणारा तोंडावर आपटायचा. बहारीनच्या केबिनमध्ये त्या काडीचा ओंडका झाला. मी कुरकुरले की म्हणायचा, “गो, माजो बांधोच तसो. माज्या बापाशीक बघ.” त्याचे वडील सत्तरी उलटल्यावरही माडावर चढतात, हे मी त्याला किती वेळा ऐकवलं असेल.

वर्कशॉपमध्ये त्याला वर्षभर जाड्या म्हणायचे. फक्त फेब्रुवारीत, हवा थंड झाली आणि आपल्या लोकांचे खेळ सुरू झाले की त्याचा महादेवशेठ व्हायचा. समोर बँकेतल्या, ऑफिसांतल्या पोरांचा संघ असायचा, जिममध्ये जाऊन दंड कमावलेला. ती पोरं दात-ओठ खाऊन ओढायची आणि हा शेवटी ढिम्म उभा. मग मैदानभर त्याच्या नावाचा गजर व्हायचा. आमची तेजस्वी तेव्हा आठ वर्षांची. शाळेत कोणी तिला तुझा बाबा फॅट आहे म्हटलं, तर ही ठसक्यात सांगायची, “ही इज नॉट फॅट. ही इज द अँकर.”

चौथ्या वर्षी कप आणला त्यानंतर महिन्याभरात तो लिफ्टमध्ये बुटाची नाडी बांधायला वाकला आणि त्याला दम लागला. श्वास घेता येईना. मी एका पॉलिक्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते. दुसऱ्या दिवशी दंडाला धरून त्याला तिथे नेलं. साखर वाढलेली, प्रेशर वाढलेलं, लिव्हरवर चरबी. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर पुढे इन्शुलिन, आणि त्याच्याही पुढचं मी आत्ता बोलत नाही. महादेव त्यांच्याकडे बघून हसला. घरी येऊन मी तेलाचा डबा उचलून माळ्यावर ठेवला.

त्यानंतरचे महिने माझ्या संसारातले सगळ्यात चांगले. आधी मॉलमध्ये चालायचो, दुकानं उघडायच्या आत. पहिल्या आठवड्यात तो दर बाकावर बसायचा आणि मला शिव्या घालायचा. मग बाकं सुटायला लागली. ऑक्टोबरनंतर समुद्राच्या कडेने चालू लागलो, तेजस्वी सायकलवर पुढे. चालताना तो बोलायचा. बारा वर्षांत सोफ्यावर जे बोलला नाही ते बोलायचा. आईबद्दल, खो-खोच्या सरांबद्दल. त्याचं घोरणं थांबलं. गालाचं हाड दिसू लागलं, आणि एकदा तर पुलाच्या पायऱ्या तो माझ्याआधी चढला आणि वरून मला वाकुल्या दाखवू लागला. साखर उतरली. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मी रिसेप्शनच्या काउंटरमागे जाऊन रडले. माझा काडी मला परत मिळाला होता.

जानेवारीत प्रशांत घरी आला. तो वर्कशॉपचा फोरमन, मूळचा कागलचा, रस्सीखेचीच्या संघाचा कप्तान. महादेवला बघून त्याचा चेहरा पडला.

“अरं, ह्ये काय करून घेतलंस?” तो म्हणाला. “वैनी, माणूस निम्मा केलासा की.”

“निम्मा नाही, बरा केलाय,” मी म्हटलं.

“त्ये खरं हो. पण खुंट्याला वजन लागतं. आता ह्येला कुठं उभा करू?”

महादेव म्हणाला, मधे कुठेही उभा करा. प्रशांतने नकाराची मान हलवली. मधल्या गड्यांना पकड लागते, ताकद लागते. महादेवकडे ताकद कधी नव्हतीच, वजन होतं. वर्कशॉपमध्ये गुंडू नावाचा नवा वेल्डर आला होता, बेळगावकडचा, पिंपासारखा. खुंट्याच्या जागी त्याला घेतलं.

त्या फेब्रुवारीत आम्ही मैदानावर गेलो. महादेवकडे पाण्याच्या बाटल्या दिल्या होत्या. मी मनात म्हणत होते, हरू देत मेले. पण ते जिंकले, आणि सहज जिंकले. गुंडूला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न झाला, सगळे आपटले, हसले, मग कप घेऊन फोटो काढला. महादेव बाटल्या हातात धरून थोडा पुढे सरकला. कोणी त्याला ये म्हटलं नाही. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, कोणाला आठवलंच नाही, आणि मला तेच सहन झालं नाही. तेजस्वी गाडीत बसल्यावर म्हणाली, “बाबा, यू डिडन्ट डू एनीथिंग टुडे.” तो म्हणाला, पाणी दिलंय मा गो.

तिथून तो मिटला. चालायला यायचा, पण बोलायचा नाही. मग शिफ्ट आहे म्हणू लागला, मग गुडघा. सोफ्यावर बसून त्या चार वर्षांतले सामन्यांचे व्हिडिओ बघायचा, आवाज बंद करून. मी समजावलं, भांडले, एकदा फोन हिसकावून घेतला. त्याची साखर चांगली होती, प्रेशर चांगलं होतं, आणि माझ्या घरात असा दुःखी माणूस मी कधी पाहिला नव्हता.

दिवाळीच्या आसपास गुंडूचा व्हिसा संपला आणि तो सौदीला गेला. प्रशांत मिठाईचा खोका घेऊन आला. सोफ्याच्या कडेवर टेकून म्हणाला, “खुंटा मोकळा हाय, महादेवशेठ. इंशाल्ला, फेब्रुवारीपतूर जमतंय का बघा.” जे जमवायचं ते काय, हे तिघांनाही कळत होतं. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

रात्री जेवताना महादेवने ताटातली भाकरी संपवली आणि ताट पुढे केलं.

“थोडो भात वाढ गो.”

“नाय वाढूचंय,” मी म्हटलं. “मराक जातंस काय त्या दोराक?”

त्याने ताट जवळ ओढलं. मग हळू म्हणाला, “माका हय कोण वळखता, सांग. क्रेनचो नंबर वळखतत. वर्साक एक दिवस माज्या नावान वरडतत. तेवडोच दिवस माजो आसा.”

“मी आसंय मा? पोरगी आसा मा?”

“आसास,” तो म्हणाला. “पण तुमी वरडाक नाय.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. बायको-मुलीच्या चार शब्दांनी माणसाचं पोट भरत नाही, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं, आणि माझं काळीज फाटलं. मी उठले, कुकर उघडला आणि भात वाढला. वर आमटी घातली. त्याने बोटं चाटून खाल्लं. कित्येक महिन्यांनी तो जेवताना हसला. मी दुसऱ्यांदाही वाढला.

पुढे मला काही सांगावं लागलं नाही. तेलाचा डबा खाली आला. समोसे आले. गोळ्या घेतल्यास का विचारलं की हो म्हणायचा, आणि पाकीट भरलेलंच असायचं. क्लिनिकमध्ये ये म्हटलं तर म्हणायचा, फेब्रुवारीनंतर. घोरणं परत आलं. मी शेजारी जागी पडून ते ऐकायची.

या फेब्रुवारीत तो पुन्हा दोराच्या टोकाला उभा राहिला. समोर बँकवाले. शेवटचा डाव फार वेळ चालला, दोर इकडेही येईना, तिकडेही जाईना. महादेव टाचा रोवून मागे रेललेला, तोंड लालबुंद, आणि सगळं मैदान त्याच्या नावाने ओरडत होतं. खरं सांगते, मीही ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. ते जिंकले. या वेळी फोटोत तो मधोमध होता आणि तेजस्वी त्याच्या मांडीवर.

घरी आल्यावर तो सोफ्यावर पसरला. वाकता येत नाही, म्हणून बूट मी काढायला बसले. डावा निघाला. उजवा मोजा टाचेला चिकटून बसला होता. ओढला तर हाताला ओलं लागलं. टाचेची कातडी पार सोलून निघाली होती आणि आत एक खडा रुतून बसला होता, मुगाएवढा. बुटाचा तळ रक्ताने भरलेला.

“महादेव, ह्या कवा झाला?”

“काय?” त्याने मान वाकडी करून बघितलं. “अरे, लागला वाटता. माका कळाकच नाय बघ. कायच दुखणा नाय गो.”

अभिमानाने बोलला तो. क्लिनिकमध्ये काउंटरवर बसून मी अशी माणसं पाहिली आहेत. साखर आधी पायातली जाण घेते. मग जखम होते, कळत नाही. पुढे ती माणसं कुबड्या घेऊन येतात, आणि तीही हेच सांगतात, दुखलं नव्हतं हो. हे मला सगळं ठाऊक होतं तेव्हा, भात वाढताना.

मी जखमेच्या शेजारी अंगठा ठेवला आणि दाबला. तो सांगत होता की पहिल्या झटक्याला बँकवाल्यांचा पुढचा गडी कसा गुडघ्यावर आला. मी आणखी दाबलं, नख रुतेपर्यंत दाबलं. तेजस्वी हसत होती, आणि तो तिला प्रशांतची नक्कल करून दाखवत होता.