सगळं खाणारा मासा

वाटी सरकल्याचा आवाज फार बारीक असतो. काचेच्या टेबलावर स्टीलची वाटी. आपण ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असलो तरी तो कानात शिरतोच. त्या दुपारी घर अगदी शांत होतं आणि अवनीनं वाटी पुढं ढकलली.

"नको."

"दोन घास, पिल्लू. वरणभात आहे नुसता."

"पट्टूनं पण नाही खाल्लं. त्यानं खाल्लं की मी खाते."

पट्टू म्हणजे आमच्या टाकीतला फुलपाखरू मासा. माझ्या तळहाताएवढासुद्धा नाही. पिवळसर अंगावर आठ काळे उभे पट्टे, त्यातला एक बरोबर डोळ्यावरून गेलेला. अवनीनं दुकानात काचेवर बोट ठेवून आठही मोजले होते आणि मगच नाव ठेवलं होतं.

खाऱ्या पाण्याची ही टाकी माझ्या नवऱ्याच्या, यशोधनच्या ऑफिसातल्या एकानं अमेरिकेला जाताना आम्हाला देऊन टाकली. यशोधननं महिनाभर हौसेनं सांभाळली. मग मीठ मोजून पाणी कालवणं, काच खरवडणं, पाणी तपासणं सगळं माझ्याकडं आलं, जसं घरातलं सगळं येतं. माझी तक्रार नव्हती. विजयनगर भागातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर, समुद्रापासून इतक्या लांब, अवनी शाळेत गेली की दहा मिनिटं त्या पाण्यापुढं बसायला मला आवडायचं. दोन नारिंगी मासे होते, थोडे दगड, दगडांवर हलणारी चारदोन मऊ पोवळी. पट्टू आल्यावर टाकी भरल्यासारखी वाटली.

फक्त तो जेवत नव्हता. तीन आठवडे होत आले होते.

मी काय काय केलं! आमच्या घरात अंडंही शिजत नाही, आणि मी खालच्या मजल्यावरच्या मंगळुरी बाईंना सांगून शिंपल्यातल्या तिसऱ्या मागवल्या. जुन्या सुरीनं उघडल्या. लसणाच्या वासानं मासे तोंड उघडतात असं कुठंतरी वाचलं, म्हणून लसूण ठेचून त्यात मुरवल्या. पट्टू यायचा, शिंपल्यापुढं थांबायचा, तिरका होऊन एका डोळ्यानं बघायचा आणि वळायचा. अगदी अवनीसारखा. त्याचं पोट आत गेलं. पाठीच्या कण्याची धार वरून दिसायला लागली.

तो आम्हाला विकला होता भीमसेनकाकांनी. सरस्वतीपुरमला त्यांचं माशांचं दुकान आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा मी अवनीशी बोलत होते, ते ऐकून ते काउंटरमागून बाहेरच आले.

"मराठी बोलताय की, अक्का! आमी पण मराठीच. पिढ्या झाल्या हितं. मग तुम्ही आपलेच." परक्या, कानडी गावात असं कुणी म्हटलं की माणूस विरघळतं. मीही विरघळले. पट्टूकडं बोट दाखवून मी विचारलं, हा जेवायला त्रास देणार नाही ना? घरात आधीच एक आहे तशी.

"नोडी, बघा की, हा सगळं खातंय. काय टाकाल ते. पोवळ्याला तर तोंडबी लावत नाही. सुम्ने, उगाच घाबरताय तुम्ही."

म्हणून तीन आठवड्यांनी मी परत त्यांच्याकडंच गेले. अवनी बरोबर होती. दुकानात एक नवराबायको मासे बघत होते. मी सगळं सांगितलं, तिसऱ्या, लसूण, कण्याची धार. काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांची नजर अवनीच्या मनगटावर गेली. तिची मनगटं बारीकच आहेत. तिची डॉक्टर म्हणते, काळजी करू नका, होईल. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, हाडं दिसतात गं पोरीची.

"अक्का, खरं सांगू? मासा बरोबर आहे. हाताचा गुण असतंय." ते त्या नवराबायकोकडं वळून हसले. "पाप, बिचारी! या मगूला, या पोरीला बघा की. मासा खात नाही, मगू खात नाही. तुमच्या घरात जेवतंय तरी कोण?"

ते दोघं हसले. वाईट माणसं नव्हती, पण हसले.

अवनीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. हळूच, कुणाला दिसू नये असे. मला दिसले.

त्या संध्याकाळी तिनं ताटातलं सगळं खाल्लं. माझ्याकडं बघत, घासामागून घास. आणि मग बेसिनपाशी जाऊन सगळं ओकली. मी तिची पाठ चोळत उभी होते आणि मनात म्हणत होते, भीमसेनकाका, थांबा.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी कामं तशीच टाकून वाचायला बसले. पट्टूसारखा आठ पट्ट्यांचा मासा जिवंत दगडी पोवळ्यांवरची बारीक तोंडं खुडूनच जगतो. दुसरं अन्न त्याला अन्न वाटतच नाही. तिसऱ्या काय, पंचपक्वान्नं ठेवली तरी तो त्यांच्यासमोर उपाशी मरतो. माझ्या टाकीत दगडी पोवळं एकही नव्हतं.

भीमसेनकाकांकडं होतं. दुकानाच्या दर्शनी भागात सहा फुटी टाकी, आणि तिच्यात फांद्याफांद्यांचं पोवळं, जांभळं, टोकाला निळं, एखाद्या झुडपाएवढं वाढलेलं. असली पोवळी समुद्रातून काढायला आणि विकायला कायद्यानं बंदी आहे. ते विकत नसत. नुसतं दाखवत. कुठून आलं विचारलं की हसत.

रविवारी सकाळी अकराला दुकान भरलेलं असतं. पट्टू इतका थकला होता की जाळी लागलीच नाही, पाण्यातल्या मगात आपणहून आला. स्कूटरवर अवनीनं पिशवी पोटाशी धरली आणि रस्ताभर त्याला सांगत राहिली, घाबरू नकोस, आई आहे.

"काका," मी दारातूनच म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आम्ही आठ दिवस सांगलीला चाललोय. याला तुमच्याकडं ठेवा. तुमच्या हाताचा गुण लागून जेवला, तर चूक माझ्या हाताची. सगळ्यांसमोर सांगते."

लोक बघायला लागले. काकांना असलं आवडतं. "आयतु, चालतंय," ते म्हणाले. "आत मागच्या टाकीत सोडतो."

"मागं कशाला? समोरच सोडा की, लोकांना दिसू दे. पोवळ्याला तोंड लावत नाही म्हणालात ना?"

त्यांनी एकदा पिशवीकडं, एकदा टाकीकडं बघितलं. त्यांना खात्री नव्हती, मी स्वच्छ पाहिलं. तेवढ्यात एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "खरंच लावत नाही का, अंकल? मग मलापण हवाय." झालं. आता मागं फिरायला वाटच नव्हती.

"छे, छे! दहा जणांना विकलंय मी," काका म्हणाले. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, थोडं थोडं पाणी मिसळलं, आणि सोडला.

पट्टू बराच वेळ कोपऱ्यात होता. आम्ही अर्धा तास उभ्या होतो. मग तो हळूच निघाला, जांभळ्या फांदीपुढं तिरका झाला, एका डोळ्यानं बघितलं आणि चोच मारली. परत मारली.

"आई! जेवला!" अवनी ओरडली. सगळं दुकान हसलं. "फांदीवरचं शेवाळ टिपतंय ते," काका म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. घरी जाऊन अवनीनं दोन वाट्या वरणभात खाल्ला, तोही खरा.

सांगलीला आम्ही गेलोच नाही.

आठ दिवसांनी काका म्हणाले, "नेऊ नका अक्का, हितंच बरा आहे." मला तेच हवं होतं. मग दर गुरुवारी मी मीठ आणायच्या निमित्तानं जाऊ लागले. घरात मीठ साठून राहिलं. पट्टू गरगरीत झाला होता, आणि काका येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यापुढं उभं करून सांगत, "मरायला टेकलेला आलेला. हाताचा गुण असतंय." मी म्हणायची, "हो काका, तुमचा हात." असं म्हणताना तोंडात खडीसाखर विरघळल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्या गुरुवारी फांद्यांच्या टोकांवर पांढरे ठिपके दिसले. काका म्हणाले, करंट कमीजास्त होतोय. पाचव्या गुरुवारी त्यांनी दिवे बदलले होते. सहाव्याला पाणी बदललं होतं. मी मान हलवायची. मला त्या पांढऱ्याची चटकच लागली होती. स्कूटर लावतालावताच नजर जायची, आज किती?

मागच्या गुरुवारी अवनीला सुट्टी होती. पट्टूला बघायचंच म्हणून तीही आली. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. काका खांद्यापर्यंत भिजलेले, हातात जाळी, खाली फरशीवर पाणी. त्यांना कळलं होतं. पण दगड आणि फांद्या भरलेल्या टाकीतून धडधाकट मासा पकडता येत नाही. जाळी आत गेली की पट्टू त्याच पोवळ्याच्या पोटात शिरे. त्याला काढायचा तर उरलेलं मोडायला हवं. आणि ओरडायचं तरी कुणापुढं? जे ठेवायलाच नको होतं, ते गेलं म्हणून?

"अक्का," ते म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हीच सांगितलंत काका. सगळं खातो."

ते स्टुलावर बसले. बाहीतून पाणी ठिबकत होतं. "बोटाएवढं होतं ते," ते म्हणाले. "आमची पोरगी विद्याश्री रांगत होती तवा आणलेलं. आता ती आठवीत आहे. रोज सांजच्याला ड्रॉपरनं भरवत होतो मी त्याला."

माझं वाक्य तयार होतं. आठ आठवडे तयार होतं, भांडी घासताना, वेणी घालताना घोळवलेलं. मी ते म्हटलं.

"आमच्या घरात कोण जेवतं विचारत होतात ना? बघून घ्या. जेवतंय."

बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. काका जाळीतलं पाणी निथळवत बसले.

अवनी टाकीच्या काचेला नाक लावून उभी होती. एक बोट काचेवर ठेवून ती मोजत होती, पट्टे मोजले होते तसंच. या वेळी पट्टे नव्हे. सगळं झुडूप हाडासारखं पांढरं झालं होतं, खालच्या बाजूला तीन फांद्या तेवढ्या जांभळ्या राहिल्या होत्या. पट्टू त्यातल्या एकीला चोच मारत होता.

"एक, दोन, तीन," ती म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "आई, या तीन संपल्या की पट्टू काय खाणार?"