डावीकडे छापलेलं वळण

“थांब, परत वाच. आणि जरा सावकाश, तुला काय गाडी पकडायची आहे?” वाटाडी म्हणाली. खुर्चीत ताठ बसून, डोळे मिटून तिने दोन्ही हात पुढे धरले होते, जणू मुठीत सायकलचं हँडलच आहे.

धाकटीने नव्या अंकातलं पान पुन्हा वाचलं. “‘बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी रस्त्याला फाटा फुटतो. इथे डावीकडे वळा आणि चढाला लागा.’”

वाटाडीचे हात हवेतच डावीकडे वळले आणि तिथेच थांबले. मग तिने खाडकन डोळे उघडले.

“मेले!” ती म्हणाली. “उजवीकडे हवं गं ते. डावीकडे खाण आहे!”

सायकलवाल्यांच्या त्या मासिकात रविवारच्या सहलीचं पान ती लिहायची. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा सुरू केलं होतं, आता मुलांची मुलं शाळेत जायला लागली. लोकांना वाटा दाखवते म्हणून तिचं नाव वाटाडी पडलं आणि ते इतकं चिकटलं, की सासरच्या माणसांनाही खरं नाव आठवायला वेळ लागायचा. प्रत्येक रस्ता ती आधी स्वतः सायकलने करून यायची. मग छापण्याआधी कुणीतरी पान मोठ्याने वाचायचं आणि ही खुर्चीत बसून डोळे मिटून तोच रस्ता पुन्हा चालवायची. थोरले संपादक, म्हणजे धाकटीचे वडील, पोट धरून हसायचे. पण हे सोपस्कार झाल्याशिवाय पान छापखान्यात जाऊ द्यायचे नाहीत.

थोरले गेले आणि मासिकाचे दिवस फिरले. जाहिराती आटल्या, निम्मे वर्गणीदार फोनकडे वळले. पूर्ण मजल्यावरचं कार्यालय एका खोलीत आलं. तिथे आता धाकटी, वाटाडी आणि एक कुरकुरणारा पंखा असे तिघेच उरले होते. धाकटी बिचारी वेबसाइट, छपाई, जाहिराती असं सगळं एकटी ओढत होती. या वेळी त्याच घाईत पान न वाचताच छापून आलं. गठ्ठे टपालात पडले, आणि मग दोघींना वाचायला सवड झाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

“एवढंच ना?” धाकटीने कॉम्प्युटर पुढे ओढला. “वेबसाइटवर आत्ता बदलते. हे बघा, झालं.”

“आणि कागदावरचं?”

“कागद कोण बघतंय मावशी आता?” धाकटी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण तोंडातून निघालं ते निघालं. मग ती खुर्ची ओढून वाटाडीच्या समोरच बसली. “तुम्हाला सांगायचं कधीपासून मनात होतं, धीर होत नव्हता. छापील अंक हा शेवटचा. पुढच्या महिन्यापासून सगळं फोनवर. खूप ओढाताण केली हो मी, आता नाही झेपत.”

फोनशी वाटाडीचं काही वाकडं नव्हतं. नातवंडांशी तासन्‌तास ती त्याच्यावरच तर बोलायची. पण फोन रस्ता स्वतःच सांगतो, तिथे हिला कोण विचारणार? पोरीवर रागवावं असंही नव्हतं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काय दिसत नव्हती?

“बरं,” ती म्हणाली. “मग रविवारी मी फाट्यावर जाते.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? बाबांचा नियम विसरलीस?”

थोरल्यांचा नियम असा होता, की छापलेला कागद माघारी बोलावता येत नाही. तेव्हा चुकीचं वळण छापलं गेलं, तर लिहिणाऱ्याने येत्या रविवारी त्या वळणावर जाऊन उभं राहायचं आणि येणाऱ्याला बरोबर वाट दाखवायची. एकदा ते स्वतः असेच एका पडक्या पुलापाशी दिवसभर उन्हात उभे राहिले होते. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, वर त्यांनाच पाणी पाजून आले. वाटाडीवर ही पाळी कधीच आली नव्हती, आणि त्याचा तिला तोरा होता.

“कुणी येणार नाही, मावशी. उगाच ताटकळाल.”

“नाही आलं कुणी, तर तुझं खरं. खुशाल बंद कर, मी चकार शब्द काढणार नाही. पण आलं, तर त्यांना खाणीत कोण ढकलणार? तू का मी?”

रविवारी सकाळी नवऱ्याने टेंपो काढला. त्याचा धंदा गाद्या घरपोच करण्याचा. मागे दोन गाद्या आणि त्यांना टेकवून वाटाडीची सायकल. ही घरी राहील तर ना!

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” त्याने गाडी सुरू करायच्या आधी तोंड सुरू केलं. “गुडघा दाखव, गुडघा दाखव. ऐकलंस? उलट मलाच म्हणालीस, मला वर सोडा आणि कुठे बोलू नका.”

“मग बोलू नका ना.”

“बरं राहिलं.” आणि तो पुढे सबंध रस्ता त्यावरच बोलला.

खरं होतं त्याचं. गोम तिथेच होती. गुडघा चढावर दगा द्यायला लागला होता, म्हणून या खेपेला तिने सायकल टेंपोत घालून वरच्या टोकाला नेली आणि सगळी सहल उताराने, उलटी केली. मग घरी बसून लिहिताना सगळी वळणं फिरवून घेतली, डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं. नेमकं हे एक फिरवायचं राहिलं. आयुष्यभर रस्ता खालून वर केला तेव्हा काही चुकलं नाही, आणि एकदा लबाडी केली तर ती अशी पकडली गेली. हे धाकटीला सांगायची मात्र तिची छाती झाली नव्हती.

फाट्यावर नवऱ्याने झाडाखाली एक गादी पसरली आणि आडवा झाला. वाटाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. थोड्या वेळाने रंगीबेरंगी कपड्यांतली एक टोळी आली. प्रत्येकाच्या हँडलवर फोन लावलेला. तिने हात वर केला, “उजवीकडे हं, उजवीकडे!”

“माहितीये, काकू!” एक जण ओरडला आणि सगळे सुसाट उजवीकडे निघून गेले.

अजून काही आले, तेही तसेच. एकाने तर तिला काही हवंय समजून पाण्याची बाटली पुढे केली. ऊन वर आलं. पोरगी बरोबर बोलत होती तर! वाटाडी रडायच्या बेतात होती. कुणी चुकावं असं मनात आणणं पाप, पण कुणीतरी चुकावं असंच तिला वाटत होतं.

“सावलीत ये,” नवरा गादीवरून म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

तेवढ्यात डावीकडून, खाणीच्या बाजूने, मोठमोठ्याने बोलणं ऐकू आलं. एक धिप्पाड माणूस सायकल ढकलत चढ चढत होता. घामाने निथळत होता. त्याच्यामागे एक बाई, तीही सायकल ढकलत. मधेच थांबायची, हसायची, परत ढकलायची. हे दोघं वाटाडी यायच्या आधीच उतरले होते. त्या माणसाच्या खिशातून घडी घातलेलं पान डोकावत होतं. वाटाडीने ते लांबूनच ओळखलं.

“ही वाटाडी कोण आहे, ती मला एकदा भेटायला हवी!” तो माणूस वर पोचता पोचता गरजला. “खाली कुलूप लावलेलं फाटक आहे हो! पुढे जाऊ नका, बाई. या कागदावर विश्वास ठेवू नका.”

“मीच ती,” वाटाडी म्हणाली. “चूक माझी आहे. तेच सांगायला उभी आहे इथे.”

त्याची बायको सायकल आडवी टाकून गादीवर बसली आणि हसून हसून तिला ठसका लागला.

“अहो, मी शाळेची बस चालवतो,” तो माणूस म्हणाला. “आठवडाभर ते यंत्र कानाशी असतं. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, मागे फिरा. रविवारी तरी माणसाने सांगितलेलं ऐकावं म्हटलं. आणि यंत्राने आजवर चुकवलं नाही हो मला. चुकवलंत तुम्ही!”

“बोला, अजून बोला. हक्क आहे तुमचा.”

“आता काय बोलू?” त्याचा राग घामाबरोबरच निघून गेला होता. “तुम्ही समोर उभ्या राहिलात, तिथेच बोलणं खुंटलं.”

“यांचं सोडा हो,” त्याची बायको म्हणाली. “मी येते ते तुमच्या पानासाठी. तुम्ही लिहिता ना, ‘इथे उतरून ढकललंत तरी चालेल, चढ कुणाला सांगायला जात नाही.’ ते वाचलं आणि मी सायकल शिकले. या वयात! फोन असं कधी म्हणतो का?”

वाटाडीने त्या बाईचा हात धरला.

मग एकेक करत माणसं येत राहिली. मुलीला पुढच्या दांड्यावर बसवून एक शिंपी आला. शाळासोबती असलेल्या तिघी म्हाताऱ्या मैत्रिणी आल्या, तिघींत मिळून एकच पान, आणि ते कुणी धरायचं यावरून भांडण. मोठी झुंबड काही नव्हती. पण प्रत्येक जण फाट्याशी येऊन डावीकडेच वळायला जायचा, आणि वाटाडी हात आडवा करून सांगायची, “उजवीकडे! माझं चुकलं, उजवीकडे!” उन्हात उभं राहून आपली चूक ओरडून सांगताना एवढा आनंद कुणाला झाला नसेल. पण चढाला लागायची घाई कुणालाच नव्हती. जो तो झाडाखाली टेकत होता. नवऱ्याने दुसरी गादीही काढली.

अशा त्या मैफलीत धाकटी रिक्षातून उतरली. हातात पाण्याच्या बाटल्या, पायात कार्यालयातल्याच चपला. “तुम्ही एकट्याच उन्हात असाल म्हणून...” ती म्हणाली. गादीवर, गवतात, दगडावर माणसं बसली होती आणि ज्याच्या त्याच्या हातात, खिशात, टोपीत तेच पान होतं.

वाटाडी तिला बाजूला घेऊन गेली. “तुला एक सांगायचंय. चूक छपाईच्या घाईची नाही, माझीच आहे. गुडघा साथ देत नाही म्हणून मी सहल वरून खाली केली आणि वळणं उलटवून लिहिली. तुझ्यापासून लपवलं. मला काढून टाकलंस तरी चालेल, पण हे पान बंद करू नकोस.”

धाकटीने त्या माणसांकडे पाहिलं. “एवढ्यांवर महिन्याचा अंक नाही निघत, मावशी,” ती म्हणाली. “खोटी आशा नाही लावणार मी.”

“नाही ना. कळतंय मला.”

“तीन महिन्यांनी एक काढू. जाड, नीट वाचून, सावकाशीने. तेवढं जमेल.” आणि मग डोळे पुसत ती म्हणाली, “तुम्हाला काढून टाकून पान काय मी लिहू? मला घरचा रस्ता फोनला विचारावा लागतो.”

बसवाल्याची बायको लगबगीने उठून आली. तिला अर्धंच ऐकू गेलं होतं, पण तेवढं तिला पुरेसं होतं. “मग आता आमच्याबरोबर वर चला की! पानात दर वेळी बरोबर असता, आज खऱ्याखुऱ्या या.”

“अगं, माझा गुडघा! सगळा चढ ढकलत न्यावी लागेल सायकल.”

“आम्ही काय उडत जाणार आहोत?”

“आणि इथे कोण उभं राहील? अजून कुणी मागून आलं तर?”

“मी राहते,” धाकटी म्हणाली.

नवऱ्याने मुकाट्याने सायकल उतरवून दिली. बसवाला पुढे, शिंप्याची पोर गाणं म्हणतेय, म्हाताऱ्यांचं भांडण चालूच, असं ते लटांबर उजवीकडच्या चढाला लागलं. वाटाडी सगळ्यांत मागे, हँडलवर भार टाकून, पाय ओढत. दुखत होतं, आणि दुखतंय हे पहिल्यांदाच तिने सगळ्यांदेखत मान्य केलं होतं. अर्ध्या चढावर ती दम घ्यायला थांबली आणि तिने वळून खाली पाहिलं.

खालच्या रस्त्याने एक एकटा सायकलवाला येत होता. धाकटी फाट्याच्या मधोमध उभी होती. तिने पदर खोचला आणि हात लांब करून ती त्याला उजवीकडची वाट दाखवू लागली.