टाचेवरची गाठ

डॉक्टर आलिमांनी सुचिताची टाच हातात घेतली आणि मागच्या जाड शिरेवरची गाठ अंगठ्यानं दाबली.

"दुखते?"

"नाही. लहानपणापासून हाये."

मलकापूरच्या त्या दवाखान्यात सकाळपासून बसून रुखमाबाईची पाठ धरली होती. कापूस वेचणीचा दिवस बुडाला तो वेगळाच. चढावर लेकीच्या छातीत दुखतं, एवढ्यासाठी हा हेलपाटा.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे ओढला. "कोलेस्टेरॉल फार आहे. पांढऱ्या पेशीही वाढल्यात."

"चरबी? इच्या अंगावर?" रुखमाबाई म्हणाली. "अन् पांढऱ्या पेशी त रोगाशी लढतात म्हनते."

"लढतातच. पण कोलेस्टेरॉल साचलं की त्या नसेच्या भिंतीत शिरून ते गिळत बसतात. गिळून फुगतात, तिथंच मरतात. नस आतून बुजत जाते, मग तरणं माणूसही उभ्या उभ्या जातं. हिला रोज गोळी घ्यावी लागेल. हे जन्मापासूनचं असतं, टाचेवरची गाठही त्याचीच. भावाबहिणीत कोणाला अशा गाठी?"

सुचितानं मान खाली घातली.

"हर्षलले होत्या," रुखमाबाई म्हणाली. "इच्या भावाले. दोन्ही टाचेवर."

"कुठे असतो तो?"

"गेला. नऊ वर्सं झाली. बीटी कपाशीवर फवारा मारता मारता वावराच्या धुऱ्यावर पडला."

पुढचं ती कधीच कोणाला सांगत नसे. त्या सकाळी ती पोराला नको नको ते बोलली होती. दुपारी तो फवारणीच्या औषधाच्या डब्याशेजारी सापडला. गावानं काय ते ताडलं. पोलीस नको, चिरफाड नको म्हणून दिवस मावळायच्या आत त्याला जाळून मोकळे झाले. नवरा निवृत्ती तेव्हापासून तिच्या हातचं मुकाट जेवतो. त्यानं एकदा तरी बोल लावावा, असं तिला फार वाटे.

"त्यानं औषध घेतलं म्हनतात सारे," सुचिताच हळूच म्हणाली.

"कोणी घेताना पाहिलं?"

"नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता खात्रीनं नाही सांगता येणार. पण या गाठी होत्या, तर बहुतेक हृदयच बंद पडलं असेल."

सुचिताचे डोळे भरून आले. तिनं आईचा हात घट्ट धरला.

"माय, आयकलं? दादानं काही घेतलं नव्हतं. तुह्या बोलन्यानं नाही गेला थो."

नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते ऐकूनही रुखमाबाईला रडू येईना.

"छातीत दुखते म्हने थो त्या दिवशी," ती म्हणाली. "कामाच्या टायमालेच बरं दुखते, म्हनलं म्या. अन् पंप चढवून देल्ला त्याच्या पाठीवर."